नेट नसलेल्या कॉम्प्युटरचे अपडेट: काय उतरवायचं, कुठून आणि कसं बसवायचं

डोंबिवलीच्या घरी फायबरचं नेट आहे, पण मुरबाडजवळच्या गावच्या घरातला डेस्कटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालतो. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात यंत्राला जोडलेला कॉम्प्युटर मुद्दामच नेटपासून लांब ठेवला आहे. शहापूर तालुक्यातल्या शाळेत देणगीत आलेले कॉम्प्युटर आहेत आणि नेट म्हणजे गुरुजींचा फोन. वाचक वेगवेगळे, पण विचारणा एकच: विंडोजचे अपडेट एकदा उतरवून पेनड्राइव्हवर ठेवले, तर पुढे नेटशिवाय बसवता येतील का?

येतात. मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून, फुकट आणि रीतसर येतात. गल्लत होते ती दुसरीकडेच. बरेच जण अपडेट साठवायला लागतात. महिन्यामहिन्याच्या फाइली, मित्राकडून आणलेलं 'अपडेट पॅक', जुन्या हार्डडिस्कवरचे फोल्डर असा ढीग होतो आणि ऐनवेळी त्यातलं काहीच बसत नाही. विंडोज १० पासून या साठ्याला अर्थ उरलेला नाही. दर महिन्याच्या मुख्य अपडेटमध्ये त्या आवृत्तीचे आधीचे सगळे अपडेट धरलेले असतात. तुम्हाला लागते ती सर्वांत ताजी फाइल, आणि तीही नेमकी तुमच्या मशीनला बसणारी.

आधी बघा, पेनड्राइव्हची गरज आहे का?

एकाच घरात दोन-तीन कॉम्प्युटर असतील आणि प्रत्येकाने तेच अपडेट वेगळं उतरवू नये एवढंच हवं असेल, तर त्याची सोय विंडोजमध्येच आहे. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट, त्यात ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, त्यात डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन उघडा. इतर कॉम्प्युटरकडून घेण्याची परवानगी द्या आणि 'लोकल नेटवर्क'पुरताच पर्याय निवडा. इंटरनेटवरच्या अनोळखी कॉम्प्युटरांचा पर्याय निवडू नका, नाहीतर तुमचा डेटा दुसऱ्यांना अपडेट पोचवण्यात खर्च होईल.

हॉटस्पॉटवर डेटा संपतो ही तक्रार असेल, तर त्या वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा. मग मोठे अपडेट बहुतांशी आपोआप उतरत नाहीत. 'पॉज'चा पर्यायही आहे, पण त्याने अपडेट फक्त पाच आठवड्यांपर्यंत पुढे ढकलले जातात.

मशीनला नेटच नसेल, फारच मंद असेल किंवा फॉरमॅट करायचं असेल, तर पुढे वाचा.

काय काय उतरवायचं

- महिन्याचं मुख्य अपडेट. याला क्युम्युलेटिव्ह अपडेट म्हणतात. प्रत्येकाला 'केबी'ने सुरू होणारा क्रमांक असतो.
- डॉटनेट फ्रेमवर्कचं अपडेट. हे बहुधा वेगळं मिळतं. टॅलीसारखी हिशेबाची किंवा यंत्रासोबत आलेली सॉफ्टवेअर वापरत असाल, तर हेही घ्या.
- विंडोजची आयएसओ फाइल. आवृत्ती बदलायची असेल किंवा नव्याने बसवायचं असेल तरच.
- वायफाय आणि लॅन कार्डचा ड्रायव्हर. तो लॅपटॉपच्या किंवा मदरबोर्डच्या कंपनीच्या साइटवरून घ्यायचा. याचा विसर सर्वांत महागात पडतो. फॉरमॅट झाल्यावर वायफायचं चिन्हच दिसत नाही, ड्रायव्हर आणायचा तर नेट हवं आणि नेटसाठी ड्रायव्हर हवा, अशी कोंडी होते. तसे अडकलातच, तर अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडून टेदरिंग चालू करा. बहुतेक वेळा त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही.
- अँटिव्हायरसच्या व्याख्या. मायक्रोसॉफ्ट डिफेंडरची ताजी व्याख्या-फाइल मायक्रोसॉफ्टच्या साइटवर सुटी मिळते. पुण्याच्या क्विक हीलचीही ऑफलाइन अपडेट त्यांच्या साइटवर असतात. या फाइली रोज जुन्या होतात, म्हणून ज्या दिवशी गावी जायचं त्याच दिवशी उतरवा.

एक चूक टाळा. ज्या कॉम्प्युटरवर अपडेट झालं आहे, त्याच्या विंडोज फोल्डरमधलं 'सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्युशन' उचलून दुसऱ्याकडे न्यायचं, असा सल्ला फिरत असतो. त्या फोल्डरमध्ये त्या मशीनला जेवढे तुकडे कमी होते तेवढेच आलेले असतात. दुसऱ्या मशीनला त्यांचा उपयोग होत नाही.

मशीनची माहिती कागदावर लिहून घ्या

नेट नसलेल्या कॉम्प्युटरपाशी बसून हे करायचं. अंदाजाने उतरवलेली फाइल बहुधा चुकीचीच निघते.

विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा. येणाऱ्या चौकटीत डब्ल्यू-आय-एन-व्ही-ई-आर ही अक्षरं टाइप करून एंटर दाबा. छोटी खिडकी उघडेल. त्यातल्या तीन गोष्टी जशाच्या तशा लिहा: विंडोज १० की ११, आवृत्ती (२२एच२, २४एच२ वगैरे) आणि बिल्ड क्रमांक. २६१०० ने सुरू होणारा बिल्ड म्हणजे विंडोज ११ची २४एच२, २६२०० म्हणजे २५एच२, १९०४५ म्हणजे विंडोज १०ची २२एच२. बिंदूनंतरचा आकडाही लिहा. अपडेट बसल्यावर तोच वाढलेला दिसायला हवा.

मग सेटिंग्जमध्ये सिस्टीम, त्यात अबाउट उघडा आणि 'सिस्टीम टाइप' बघा. घरगुती मशीन बहुतेक एक्स६४ असतात. जुन्या विंडोज १० मशीनवर ३२ बिट, म्हणजे एक्स८६ सापडू शकतं. नव्या स्नॅपड्रॅगन लॅपटॉपवर एआरएम६४ असतं. या तिघांच्या फाइली एकमेकांना चालत नाहीत.

कारखान्यातल्या मशीनवर 'एलटीएससी' असं लिहिलेलं दिसलं, तर त्याचा हिशेब वेगळा आहे. एलटीएससी २०१९ला मायक्रोसॉफ्ट ९ जानेवारी २०२९ पर्यंत अपडेट देणार आहे, एलटीएससी २०२१ला १२ जानेवारी २०२७ पर्यंत आणि त्याच्याच 'आयओटी' प्रकाराला १३ जानेवारी २०३२ पर्यंत. तुमचं विंडोज १० संपलं, आता नवं मशीन घ्या, असं कुणी सांगितलं तर आधी हे तपासा.

फाइल कशी उतरवायची

ताज्या अपडेटचा केबी क्रमांक मायक्रोसॉफ्टच्या 'विंडोज अपडेट हिस्टरी' पानावर मिळतो. डावीकडे तुमची आवृत्ती निवडली की यादी दिसते. वरून बघत या. ज्याच्यापुढे 'प्रिव्ह्यू' लिहिलं आहे ते सोडा, ते चाचणीसाठी आधी दिलेलं असतं. सुरक्षेचं नियमित अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतं. अमेरिकेतल्या सकाळी ते निघतं, त्यामुळे आपल्याकडे मंगळवारी रात्री साडेदहा-साडेअकरा होतात. उतरवायला बुधवार धरा. माझं मत विचाराल तर आणखी चार-पाच दिवस थांबा. एखाद्या अपडेटमध्ये गोंधळ असेल तर तेवढ्यात कळतं, आणि नेट नसलेल्या मशीनवर तो गोंधळ निस्तरणं जास्त कठीण असतं.

क्रमांक मिळाला की 'मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉग' या साइटवर जा. तिथे खातं उघडावं लागत नाही की लॉगइन करावं लागत नाही. शोधाच्या चौकटीत केबी क्रमांक टाका. एकाच क्रमांकाच्या अनेक ओळी येतील. त्यातली निवड अशी करा:

- ओळीत तुमची आवृत्ती आणि कागदावर लिहिलेला सिस्टीम टाइप (बहुधा एक्स६४) दोन्ही असायला हवं.
- 'सर्व्हर' लिहिलेली ओळ सोडा.
- 'डायनॅमिक' लिहिलेलीही सोडा, ती आयएसओ तयार करणाऱ्यांसाठी असते.

डाउनलोडवर क्लिक केल्यावर छोट्या खिडकीत फाइलींची नावं येतात. विंडोज ११च्या २४एच२ आणि त्यापुढच्या आवृत्तीला तिथे एकाहून अधिक फाइली दिसू शकतात. २४एच२साठी सप्टेंबर २०२४चं केबी५०४३०८० हे पायाचं अपडेट आहे आणि नंतरची त्यावर बसतात. दिसतील तेवढ्या सगळ्या घ्या आणि एकाच फोल्डरमध्ये ठेवा.

आकाराचा अंदाज आधी घ्या. विंडोज १०चं मासिक अपडेट एक जीबीच्या आत-बाहेर असतं. विंडोज ११च्या नव्या आवृत्त्यांचं तीन-चार जीबीपर्यंत जातं आणि आयएसओ पाच जीबीच्या वर. काही जण ठाणे किंवा कल्याण स्टेशनच्या फुकट वायफायवर उतरवू म्हणतात. रेलवायरची फुकट सोय १ एमबीपीएसने ३० मिनिटांची. पूर्ण वेग मिळाला तरी जेमतेम सव्वादोनशे एमबी हाती लागतात. हे काम घरच्या, नातेवाइकाच्या किंवा शेजाऱ्याच्या ब्रॉडबँडवरच करा. पावसाळ्याआधी किंवा रस्ता खोदायला घेतलेला दिसला की आधीच उतरवून ठेवा. घोडबंदर रोड असो की कल्याण-शीळ रस्ता, केबल तुटल्यावर नेट कधी येईल ते कुणाच्या हातात नसतं.

पेनड्राइव्ह तपासा. बरेच पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेले असतात आणि त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. जागा मोकळी दिसते, तरी 'फाइल टू लार्ज' येतं. पेनड्राइव्ह एक्सफॅट किंवा एनटीएफएसने फॉरमॅट करा, अर्थात आतला मजकूर आधी दुसरीकडे ठेवून. रस्त्यावर मिळणारे १ टीबी, २ टीबीचे स्वस्त पेनड्राइव्ह घेऊ नका. त्यातले कित्येक खोट्या क्षमतेचे असतात. फाइल कॉपी झाल्यासारखी दिसते आणि उघडताना फुटकी निघते.

फाइल खरी आहे का ते पडताळा. आयएसओसाठी मायक्रोसॉफ्टच्या डाउनलोड पानावर एसएचए-२५६चा लांबलचक आकडा दिलेला असतो. विंडोजमधला सर्टयुटिल हा आदेश वापरून तुमच्या फाइलचा आकडा काढा आणि निदान पहिली आठ व शेवटची आठ अक्षरं जुळवा. टेलिग्रामवरून, टोरंटवरून किंवा दुकानदाराच्या डिस्कवरून आलेली 'सगळं आधीच ॲक्टिव्हेट केलेली' आयएसओ या कामासाठी घेऊच नका. सुरक्षेसाठी अपडेट करायचं आणि पायाच कुणी फोडलेला असायचा, यात काही मिळत नाही.

बसवताना

१. महत्त्वाच्या फाइलींची प्रत आधी दुसऱ्या डिस्कवर घ्या.

२. मशीनवर बिटलॉकर किंवा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' चालू आहे का बघा. असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. अपडेटनंतर मशीनने ती विचारली आणि ती फक्त मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन खात्यात असली, तर नेट नसलेल्या गावात तुम्ही स्वतःच्याच फाइलींबाहेर उभे राहता. विंडोज ११च्या नव्या लॅपटॉपवर हे एन्क्रिप्शन पुष्कळदा आपोआप चालू झालेलं असतं, म्हणून 'मी तर काही केलंच नाही' यावर विसंबू नका.

३. विजेची खात्री करा. लॅपटॉप चार्जरला लावूनच सुरुवात करा. डेस्कटॉपचा यूपीएस दहा-पंधरा मिनिटं टिकतो, जुन्या हार्डडिस्कवर अपडेटला त्याहून खूप जास्त वेळ लागतो. महावितरणचा देखभालीसाठी वीज बंद राहण्याचा संदेश आला असेल तो दिवस सोडा. कळवा, मुंब्रा, शीळ भागात वितरण टोरंट पॉवरकडे आहे, तिथे त्यांच्या सूचना बघा.

४. फाइल पेनड्राइव्हवरून थेट चालवू नका. आधी मशीनच्या डिस्कवर कॉपी करा, मग तिच्यावर डबल क्लिक करा. पायाची फाइल वेगळी असेल तर ती आधी आणि ताजी नंतर.

५. रीस्टार्ट झाल्यावर टक्के एकाच आकड्यावर बराच वेळ थांबले, तरी बटण दाबून बंद करू नका. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर काम चालू आहे.

६. पुन्हा तीच छोटी खिडकी उघडून बिल्ड क्रमांक कागदाशी ताडून बघा.

आयएसओने आवृत्ती वाढवायची असेल, तर फाइलवर डबल क्लिक करा, आतली 'सेटअप' चालवा आणि अपडेट उतरवण्याबद्दल विचारल्यावर 'नॉट राइट नाउ' निवडा. 'फाइली आणि ॲप ठेवा' हा पर्याय निवडलेला आहे ना, ते पुढे जाण्याआधी वाचा. नव्याने विंडोज ११ होम बसवणार असाल, तर सुरुवातीच्या मांडणीत नेट आणि मायक्रोसॉफ्ट खातं मागितलं जातं. तेव्हा तेवढं काम शहरात उरकूनच मशीन गावी न्या.

'हे अपडेट तुमच्या कॉम्प्युटरला लागू नाही' असं आलं तर

घाबरून फॉरमॅट करू नका. कारणं बहुधा तीनच असतात. फाइल दुसऱ्या प्रकारची आहे, म्हणजे एक्स६४ऐवजी एआरएम६४ वगैरे. किंवा आवृत्ती जुळत नाही, २३एच२च्या मशीनवर २४एच२चं अपडेट बसत नाही, आधी आवृत्ती वाढवावी लागते. किंवा ते किंवा त्याहून नवं अपडेट आधीच बसलेलं आहे. तिन्हींचं उत्तर तुमच्या कागदावर असतं.

विंडोज १० वापरणाऱ्यांसाठी

विंडोज १०चे नियमित फुकट अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. २२एच२साठी त्या दिवशीचं केबी५०६६७९१ हे शेवटचं नियमित मासिक अपडेट. ते कॅटलॉगवरून घेऊन कुणालाही बसवता येतं. मशीन त्याच्याही मागे असेल तर आजच बसवा.

त्यापुढच्या अपडेटसाठी 'ईएसयू' योजनेत नाव नोंदवावं लागतं. घरगुती ग्राहकांसाठी तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. सेटिंग्जची प्रत मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवली तर नोंदणी फुकट आहे, नाहीतर रिवॉर्ड्सचे १००० गुण किंवा ३० डॉलर. एक नोंदणी त्याच खात्यावरच्या १० मशीनपर्यंत चालते. नोंदणी मात्र त्या मशीनला नेट जोडूनच होते. नोंदणी नसताना ईएसयूची फाइल पेनड्राइव्हने नेलीत तरी ती बसत नाही. फोनचं यूएसबी टेदरिंग लावून तेवढं काम एकदा करून घ्या.

शाळांना मी वेगळं सांगेन. देणगीत आलेली, इंटेलच्या आठव्या पिढीआधीची मशीन विंडोज ११च्या अटींत बसत नाहीत. त्यांच्यावर लिनक्स मिंट किंवा सी-डॅकचं बॉस लिनक्स बसवून बघा. मुलांच्या टायपिंगला, लिब्रेऑफिसला आणि मराठी लिहायला ती पुरेशी आहेत. अपडेट नेण्यासाठी डेबियन-उबंटू घराण्यात 'एप्ट-ऑफलाइन' नावाचं साधन आहे. ते नेट नसलेल्या मशीनवर कमतरतेची यादी बनवून देतं, ती नेट असलेल्या मशीनवर नेऊन फाइली आणायच्या आणि परत येऊन बसवायच्या. तारीख-आवृत्तीचा शोध आपल्याला करावा लागत नाही.

मॅकचा पूर्ण इन्स्टॉलर यूएसबीवर ठेवता येतो, पण ॲपलच्या नव्या चिपच्या मशीनला बसवताना नेट लागतं. फोनचे अपडेट साठवायच्या भानगडीत पडू नका, चांगल्या वायफायवर थेट करा.

नेटच नाही, मग अपडेट कशाला?

हा प्रश्न कारखानदार विचारतात आणि तो रास्त आहे. २७ जून २०१७ला 'नॉटपेट्या' नावाचा व्हायरस जगभर पसरला तेव्हा आपल्या न्हावाशेवा बंदरातल्या एपीएम टर्मिनल्सच्या धक्क्याचं काम थांबलं होतं. तो कार्यालयाच्या अंतर्गत जाळ्यातून एका मशीनवरून दुसऱ्यावर उड्या मारत गेला. त्याने वापरलेल्या वाटांपैकी एक बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७लाच दिलं होतं. यंत्राच्या कॉम्प्युटरला इंटरनेट नसेल, पण तो हिशेबाच्या कॉम्प्युटरशी केबलने जोडलेला असेल किंवा त्याला रोज पेनड्राइव्ह लागत असेल, तर तो एकटा नाही.

मात्र यंत्राच्या कॉम्प्युटरवर काहीही बसवण्याआधी यंत्राच्या पुरवठादाराला लेखी विचारा. कंट्रोल सॉफ्टवेअर कधी कधी ठरावीक आवृत्तीवरच चालतं आणि हमीची अटही तशी असते. अपडेटसाठी पेनड्राइव्ह वेगळा ठेवा आणि त्यावर दुसरं काही घेऊ नका. सी-डॅकचं 'यूएसबी प्रतिरोध' हे साधन फुकट आहे. ठरावीक पेनड्राइव्हच चालतील अशी बंधनं त्याने घालता येतात.

दुकानात दिलंत तर तुमचे हक्क

- अपडेटची फाइल फुकट असते. दुकानदार मेहनतीचे पैसे घेऊ शकतो, 'अपडेटची किंमत' म्हणून नाही.
- बिल मागा. बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९नुसार अनुचित व्यापार प्रथा आहे.
- तुमच्या परवानगीवाचून फॉरमॅट करणार नाही, हे पावतीवर लिहून घ्या. मशीनसोबत आलेला विंडोजचा परवाना बहुधा मदरबोर्डाशी बांधलेला असतो, त्यामुळे नव्या 'की'चे पैसे मागितले तर कारण विचारा.
- दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तक्रार ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन दाखल करता येते आणि मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात शुल्क नाही. व्यापारी कामासाठी घेतलेली सेवा यात येत नाही, पण स्वतःच्या उपजीविकेसाठी छोटा व्यवसाय करणारे ग्राहक धरले जातात.
- नेट कंपनी दुरुस्ती लांबवत असेल, तर तक्रारीचा डॉकेट क्रमांक घ्या, मग तिच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जा. त्याला शुल्क नसतं. दूरसंचार सेवेची तक्रार ग्राहक आयोगात चालते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२मध्ये स्पष्ट केलं आहे.
- 'मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय, तुमचं अपडेट राहिलंय' असा फोन आला तर ठेवून द्या. मायक्रोसॉफ्ट असे फोन करत नाही. सांगितलेलं ॲप बसवून झालं असेल तर आधी नेट तोडा. खात्यातून पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३०ला, फोन करा आणि त्यानंतर बँकेला.